सकाळी जर्मनीत नाश्ता, दुपारी क्रोएशियात जेवण: छोटं विमान घेऊन देशाची सीमा ओलांडतात तरी कशी?

इन्स्टाग्रामवर असे रील तुम्हीही पाहिले असतील. एखादा साधासुधा माणूस, टी-शर्ट आणि गॉगल घातलेला, चार सीटच्या पंख्याच्या विमानात बसतो. खाली आल्प्सचा बर्फ दिसतो, मग निळा समुद्र दिसतो आणि दोन-तीन तासांनी तो दुसऱ्याच देशात उतरून मासे खात बसतो. कधी कधी तर त्याचं ते चिमुकलं विमान एखाद्या मोठ्या विमानतळावर, भल्या थोरल्या एअरबसच्या मागे रांगेत उभं असतं.

आता हे रील परभणीत बसून बघणाऱ्याच्या डोक्यात काय येणार? आपल्या जिल्ह्यात विमानतळच नाही. जवळचं म्हणजे नांदेड, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. तिथून विमान मिळालं तरी तिकीट, आधार कार्ड, बॅग तपासणी, सगळं रीतसर करावं लागतं. आणि हा गडी स्वतःच विमान काढून देशच्या देश ओलांडतोय, त्याला कुणी अडवत नाही का? पासपोर्ट कुठे दाखवतो? उद्या आपल्यापैकी कुणी असं करायचं ठरवलं तर जमेल का?

तर जमतं. मुंबईच्या एका मुलीने हे करून दाखवलंय, तेही दोन बुलेटच्या वजनाच्या विमानात. पण त्यामागे कागदांचा आणि नियमांचा जो पसारा आहे तो रीलमध्ये दिसत नाही. तोच आज समजून घेऊ.

आधी गोष्ट 'माही'ची

३० जुलै २०१८. पंजाबातल्या पटियालाहून एक छोटं विमान निघालं. आत दोन तरुण मुली होत्या, आरोही पंडित आणि कीथएअर मिस्किटा. दोघी मुंबईच्या. विमानाचं नाव 'माही'.

हे विमान म्हणजे सायनस ९१२, स्लोव्हेनिया या युरोपातल्या छोट्या देशातल्या पिपिस्ट्रेल कंपनीने बनवलेलं. एकच इंजिन, ८० हॉर्सपॉवरचं, म्हणजे आपल्या स्विफ्ट गाडीच्या इंजिनाच्या आसपास. वजन ४०० किलोंच्या थोडं वर. वेग ताशी जास्तीत जास्त २१५ किलोमीटर. यातलं रोटॅक्स इंजिन साध्या पेट्रोलवरही चालतं. अशा विमानांना 'लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट' म्हणतात.

दोघी पंजाब, राजस्थान, गुजरात करत पाकिस्तानात उतरल्या. पुढे इराण, तुर्कस्तान, सर्बिया, स्लोव्हेनिया, जर्मनी, फ्रान्स आणि मग ब्रिटन. इथे गणित अडलं. पुढे होता अटलांटिक महासागर. समुद्रावरून जायचं तर लाइफराफ्ट, म्हणजे फुगवायची होडी हवी, ऑक्सिजन हवा. एवढ्याशा विमानात दोन माणसं आणि हे सगळं सामान मावत नाही. मग कीथएअरने जमिनीवर राहून मदतीची बाजू सांभाळायची आणि आरोहीने एकटीने उडायचं, असं ठरलं.

मे २०१९ मध्ये आरोही स्कॉटलंडमधल्या विकहून निघाली आणि आइसलंड, ग्रीनलंड असे टप्पे घेत कॅनडातल्या इकालुइट इथे उतरली. लाइट स्पोर्ट विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती जगातली पहिली महिला ठरली. तेव्हा तिचं वय होतं २३. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने अलास्काहून रशियापर्यंतचा बेरिंग समुद्रही पार केला.

बातम्यांमध्ये आलं ते समुद्राचं धाडस. पण अशा मोहिमेत उडण्याइतकंच किचकट काम जमिनीवरचं असतं. प्रत्येक देशाची परवानगी, प्रत्येक विमानतळाची वेळ, कस्टम्स, इंधन, हवामान. एक कागद कमी पडला की विमान जागेवर.

आकाशाला सीमा असते का?

असते, आणि ती जमिनीवरच्या सीमेइतकीच पक्की असते. १९४४ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात देशांचे प्रतिनिधी जमले आणि नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याला शिकागो करार म्हणतात. आज जगातले जवळपास सगळे देश त्यात आहेत. त्याचं पहिलंच कलम सांगतं की आपल्या भूमीवरच्या आकाशावर त्या त्या देशाची संपूर्ण सत्ता आहे.

मग गंमत बघा. याच कराराचं पाचवं कलम म्हणतं की, वेळापत्रकानुसार न चालणारी नागरी विमानं दुसऱ्या देशावरून आधी परवानगी न घेताही उडू शकतात आणि प्रवासी-मालाचा धंदा करायचा नसेल तर उतरूही शकतात. म्हणजे कागदावर छोट्या खासगी विमानाला बरीच मोकळीक आहे. पण त्याच कलमात देशांनी आपल्यासाठी अटींची जागा ठेवलेली आहे. त्यामुळे प्रत्यक्षात जगाचे दोन भाग पडतात. युरोपातल्या बहुतेक देशांनी ती मोकळीक खरोखर दिली. आपल्यासारख्या अनेक देशांनी 'आधी परवानगी, मग उड्डाण' हा मार्ग धरला.

आणि परवानगीशिवाय गेलं तर? त्याचं जगप्रसिद्ध उदाहरण आहे. २८ मे १९८७ रोजी पश्चिम जर्मनीचा मथियास रुस्ट नावाचा १८ वर्षांचा पोरगा भाड्याचं सेसना १७२ घेऊन फिनलंडमधल्या हेलसिंकीहून निघाला. कागदावर सांगितलं स्टॉकहोमला चाललोय. मध्येच विमान वळवलं आणि थेट सोव्हिएत रशियात घुसला. जगातली सगळ्यात तगडी मानली जाणारी हवाई सुरक्षा चुकवून तो मॉस्कोत, रेड स्क्वेअरला लागून उतरला. सोव्हिएत संरक्षणमंत्र्यांची खुर्ची गेली आणि पोराला चार वर्षांची शिक्षा झाली. वर्षभराहून थोडं अधिक तुरुंगात काढून तो सुटला.

त्याचं नशीब थोर. त्याआधी चारच वर्षं, १९८३ मध्ये, वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियाचं प्रवासी विमान लढाऊ विमानाने पाडलं होतं. २६९ माणसं गेली. त्या घटनेनंतर १९८४ मध्ये शिकागो करारात नवं कलम घातलं गेलं की उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवायचं टाळलंच पाहिजे. पण कलम आहे म्हणून कुणी सीमेशी खेळ करू नये.

मग युरोपात एवढं सोपं का?

इथे परभणीकरांना एक जुनी गोष्ट आठवून बघता येईल. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरीचे नाके असायचे. करोडगिरी म्हणजे जकातीचं, आजच्या भाषेत कस्टम्सचं खातं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, सांगतील. माणूस इकडून तिकडे पाहुणा म्हणून जायचा, त्याला कुणी पासपोर्ट मागत नव्हतं. पण सोबत माल असेल तर नाक्यावर थांबा.

म्हणजे सीमेवर तपासण्या दोन असतात. एक माणसाची, दुसरी मालाची. युरोपात छोटं विमान उडवताना नेमका हाच फरक कळावा लागतो.

माणसाच्या तपासणीसाठी आहे शेंगेन. यात आज २९ देश आहेत. या देशांमध्ये एकातून दुसऱ्यात जाताना नेहमीची पासपोर्ट तपासणी नाही. परभणीहून हिंगोलीला जावं तसं.

मालाच्या तपासणीसाठी आहे युरोपियन युनियनची कस्टम्स व्यवस्था. एकदा माल आत आला की सदस्य देशांमध्ये फिरताना पुन्हा जकात नाही.

आता या दोन याद्या सारख्या नाहीत, आणि पायलट फसतो तो इथेच.

जर्मनी ते इटली: दोघं दोन्ही याद्यांमध्ये. ना पासपोर्ट, ना कस्टम्स. गवताच्या छोट्या धावपट्टीवरून उडून दुसऱ्या देशातल्या छोट्या धावपट्टीवर उतरता येतं.

जर्मनी ते स्वित्झर्लंड: स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण कस्टम्सच्या व्यवस्थेत नाही. म्हणून माणसाची तपासणी नाही, मालाची आहे. इथे कस्टम्सची सोय असलेल्या विमानतळावरच उतरायचं. हा झाला आपला करोडगिरीचा नाका.

फ्रान्स ते आयर्लंड: बरोबर उलटं. आयर्लंड कस्टम्सच्या व्यवस्थेत आहे, शेंगेनमध्ये नाही. म्हणून पासपोर्ट दाखवा.

फ्रान्स ते ब्रिटन: ब्रिटन दोन्हीत नाही. दोन्ही तपासण्या. वर ब्रिटनचा स्वतःचा एक अर्ज आहे, जनरल एव्हिएशन रिपोर्ट नावाचा. विमानात कोण कोण आहे, कुठून कुठे, कधी, हे सगळं निघण्याच्या किमान दोन तास आधी ऑनलाइन कळवावं लागतं. एप्रिल २०२४ पासून हा नियम कडक झाला असून चुकारपणा केला तर १०,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

हे चित्र बदलतही असतं. क्रोएशिया २०२३ मध्ये शेंगेनमध्ये आला. त्याआधी तिथे आधी ठरलेल्या विमानतळावर उतरून पासपोर्टवर शिक्का घ्यायचा आणि मग पुढे बेटांवर जायचं. आता जर्मनीहून थेट बेटावर. म्हणूनच तो रीलवाला दुपारी मासे खाऊ शकतो. मात्र काही देश सुरक्षेच्या कारणाने मधूनमधून सीमेवर तपासणी पुन्हा सुरू करतात, म्हणून पासपोर्ट खिशात लागतोच.

उडण्याआधी काय काय लागतं?

सर्वात आधी फ्लाइट प्लॅन. कोणतं विमान, कुठून कुठे, कोणत्या मार्गाने, किती वाजता, टाकीत किती तासांचं इंधन, आत किती माणसं. देशाची सीमा ओलांडायची तर युरोपात साधारणपणे हा द्यावाच लागतो आणि निघण्याच्या किमान ६० मिनिटं आधी द्यावा लागतो. काही शेजारी देशांनी आपसात सूट दिली आहे.

हा कागद नुसता सरकारी सोपस्कार नाही. पोहोचायची वेळ झाली, विमानाचा पत्ता नाही, तर याच कागदावरून शोध सुरू होतो. म्हणून छोट्या धावपट्टीवर उतरल्यावर 'मी पोहोचलो' असं कळवून प्लॅन बंद करायचा असतो. विसरलात, तर तुम्ही हॉटेलात चहा पीत असता आणि तिकडे तुमच्या नावाने शोधाशोध चालू होते.

दुसरं, विमानाचे कागद. नोंदणी, उडण्यास योग्य असल्याचं प्रमाणपत्र, विमा, रेडिओचा परवाना. गाडीचं आरसी बुक आणि इन्शुरन्स असतं तसंच. इथे 'माही'सारख्या विमानांची खरी अडचण होते. मोठ्या विमानांचं प्रमाणपत्र आंतरराष्ट्रीय दर्जाचं असल्यामुळे इतर देश ते मान्य करतात. लाइट स्पोर्ट किंवा घरी बनवलेल्या विमानांना असं पूर्ण प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे प्रत्येक देशाची वेगळी संमती बघावी लागते.

तिसरं, पायलटचा परवाना. खासगी परवान्याला पीपीएल म्हणतात. युरोपात वय १७ आणि किमान ४५ तासांचं उड्डाण लागतं. आपल्याकडेही वय १७, उड्डाण किमान ४० तास. परदेशात रेडिओवर बोलायचं तर इंग्रजीची ठरावीक पातळीची परीक्षा पास लागते. नियम असा की विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना चालतो. म्हणून भारतात नोंदलेलं विमान भारतीय परवान्यावर युरोपात नेता येतं. पण जर्मनीत जाऊन तिथलं विमान भाड्याने घेतलं, तर भारतीय परवाना तसाच चालत नाही. तो तिथल्या व्यवस्थेकडून मान्य करून घ्यावा लागतो.

चौथं, रेडिओ. युरोपात आकाशात गर्दी एवढी की चॅनेल कमी पडायला लागले. मग दोन चॅनेलमधलं अंतर २५ वरून ८.३३ किलोहर्ट्झवर आणलं, म्हणजे एका जागी तीन चॅनेल बसवले. जुना रेडिओ असलेलं विमान तिथे गेलं तर त्याला बरेचसे टॉवर ऐकूच येणार नाहीत. वरवर क्षुल्लक दिसणारी गोष्ट, पण यावरून आख्खी सहल रद्द होऊ शकते.

आणि पाचवं, भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसा. विमान स्वतः चालवलं म्हणून तो माफ होत नाही.

मोठ्या विमानतळावर उतरताना खरी परीक्षा

आता रीलमधला दुसरा प्रसंग. छोटं विमान आणि समोर एअरबस. हे दिसायला भारी आहे, पण यात तीन अडचणी आहेत.

पहिली वेगाची. प्रवासी जेट उतरताना ताशी साधारण २६० किलोमीटरने येतं. चार सीटचं विमान येतं १३०ने. धावपट्टीपासून १८ किलोमीटरवर दोघांनी सरळ रांग धरली, तर जेटला चार मिनिटं लागतात आणि छोट्याला आठ. हायवेवर ट्रॅव्हल्सच्या पुढे ट्रॅक्टर चालावा तसं. मग कंट्रोलर छोट्याला सांगतो की जमेल तेवढा वेग ठेव, किंवा बाजूला गोल फिरत थांब. नवख्या पायलटची इथे धांदल उडते. वेग वाढवून येतो आणि मग उतरताना विमान आवरत नाही. अनुभवी माणूस सरळ म्हणतो, 'मला जमणार नाही.' असं म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

दुसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी, आणि सगळ्यात घातक. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांवरून हवेचे जोरदार भोवरे सुटतात. विमान पुढे जातं, भोवरे मागे राहतात आणि हळूहळू खाली बसतात. त्यात छोटं विमान सापडलं तर क्षणात उलटं होऊ शकतं. म्हणून जगभर विमानांचे वजनावरून गट केलेत. ७,००० किलोपर्यंत हलकं, १,३६,००० किलो किंवा त्याहून जास्त असेल तर जड, मधलं ते मध्यम. जड विमानामागे हलकं उतरत असेल तर साधारण ११ किलोमीटर, म्हणजे सहा सागरी मैल अंतर ठेवतात. पायलटनेही काळजी घ्यायची. मोठ्याच्या वाटेच्या वरून यायचं आणि ते जिथे टेकलं त्याच्या पुढे टेकायचं. तीन किलोमीटरची धावपट्टी असते, छोट्याला चारशे-पाचशे मीटर पुरतात, त्यामुळे जागेची कमी नसते.

तिसरी अडचण पैशाची. मोठ्या विमानतळावर कधी उतरायचं त्याची वेळ आधी मागून घ्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी हँडलिंग एजंट सक्तीचा असतो. तुमचं विमान उभं करणं, तुम्हाला पिवळं जाकीट घालून गाडीतून दारापर्यंत नेणं, हे त्याचं काम. त्याचं बिल उतरण्याच्या फीपेक्षा कितीतरी पट जास्त येऊ शकतं. शिवाय मोठ्या विमानतळावर जेटचं इंधन भरपूर असतं, पण छोट्या पिस्टन इंजिनाचं, ज्याला ॲवगॅस म्हणतात, ते असेलच असं नाही. एअरबसच्या शेजारी उभं राहून पेट्रोल शोधत फिरायची वेळ येते.

म्हणून जाणते पायलट शक्यतो शेजारचं लहान विमानतळ निवडतात. लंडनला जाणारा छोटा पायलट हीथ्रोच्या नादी लागत नाही, तिथे जागा मिळणं जवळपास अशक्य. तो बिगिन हिल किंवा एल्स्ट्रीला उतरतो. पॅरिसला तुसू-ल-नोबल नावाचं छोट्या विमानांचं ठिकाण आहे. मोठं विमानतळ तेव्हाच, जेव्हा कस्टम्स तिथेच आहे, किंवा हवामान बिघडलंय आणि लांब धावपट्टी, दिवे आणि उपकरणांची मदत हवी आहे.

आपल्याकडे चित्र काय?

समजा परभणीच्या एखाद्या मुलीने परवाना काढला आणि तिला छोट्या विमानाने परदेशी जायचंय. नांदेडहून थेट जाता येणार नाही. देशाबाहेर जायचं तर इमिग्रेशन आणि कस्टम्स असलेल्या विमानतळावरूनच निघावं लागतं. मुंबई, पुणे, नागपूर वगैरे.

देशातल्या देशात एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायलाही आपल्याकडे फ्लाइट प्लॅनसोबत एडीसी नंबर लागतो. एडीसी म्हणजे हवाई संरक्षण मंजुरी. हा नंबर नसेल तर हवाई दलाच्या रडारवर तुम्ही अनोळखी विमान ठरता. बाहेरून येणाऱ्या खासगी विमानाला आधी डीजीसीएची परवानगी लागते.

हे सगळं वाचून 'आपल्याकडे नुसती कागदपत्रं' असं म्हणायचा मोह होतो. पण युरोपच्या मोकळ्या आकाशामागे एकमेकांशी असलेला भरवसा आहे, आणि तो दोन महायुद्धांनंतर कित्येक दशकं खपून तयार झालाय. आपल्या पश्चिमेला तसा शेजार नाही. 'माही' पाकिस्तानात उतरली ती २०१८ मध्ये. सहा-सात महिने उशीर झाला असता तर? फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, ती पूर्ण उघडायला जुलै उजाडला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद झाली. मोठी विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालून जातात. छोट्या विमानाच्या टाकीला तो वळसा परवडत नाही. सीमा बंद झाली की सगळ्यात आधी वाट बंद होते ती अशा छोट्यांची.

आणि भारतातून युरोपला छोट्या विमानाने जाणं हे काही आजचं नाही. १९३० सालची गोष्ट. आगाखानांनी बक्षीस लावलेलं होतं, भारत आणि इंग्लंडमधलं अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी. कराचीहून निघाले जेआरडी टाटा आणि इंग्लंडकडून निघाला ॲस्पी इंजिनियर नावाचा कोवळा पोरगा. दोघांकडे जिप्सी मॉथ ही उघडी, लाकूड-कापडाची विमानं. वाटेत इजिप्तमधल्या अबुकीरला दोघांची गाठ पडली. ॲस्पी अडकून पडला होता, त्याला स्पार्क प्लग हवा होता. जेआरडींनी आपल्याकडचा देऊन टाकला. ॲस्पी आधी पोहोचला आणि बक्षीस घेऊन गेला. पुढे हाच ॲस्पी भारताचा हवाई दलप्रमुख झाला. स्पर्धा असतानाही प्लग देणं, ही या क्षेत्राची जुनी रीत आहे. वर आकाशात दुसरा पायलटच मदतीला येतो.

१९८८ मध्ये उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी त्याहून हलक्या मायक्रोलाइट विमानातून ब्रिटन ते भारत हा प्रवास २३ दिवसांत केला.

मग आपल्या पोरांनी काय करायचं?

बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया इथे विमान प्रशिक्षणाच्या संस्था आहेत. म्हणजे परवान्यासाठी महाराष्ट्र सोडायची गरज नाही. खर्च मात्र मोठा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. शेती विकून फी भरण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. एक, डीजीसीएच्या ठरलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी आधी करून घ्यावी. पैसे भरल्यावर डोळ्यांत किंवा कानांत दोष निघाला तर पुढचं सगळं अवघड होतं. दोन, संस्थेकडे किती विमानं आहेत आणि त्यातली चालू किती, हे स्वतः जाऊन बघावं.

आणि ज्यांना पायलट व्हायचं नाही, त्यांनी पुढच्या वेळी तो रील आला की एक करावं. निळ्या समुद्राकडे न बघता पायलटच्या मांडीकडे बघावं. तिथे एक छोटी पाटी बांधलेली असते. त्यावर पेन्सिलने लिहिलेलं असतं: टॉवरची फ्रिक्वेन्सी, पर्यायी विमानतळ, किती वाजता परत फिरायचं ती वेळ, आणि टाकीत उरलेलं इंधन. दुपारच्या माशांची किंमत त्या पाटीवर लिहिलेली असते.